त्स, ब्येन, थांग की श्या? चिनी भाषेत ‘किती वेळा’ सांगताना काय करावे, काय टाळावे

(कंसातला आकडा चिनी सुराचा आहे.)

काय करावे

*मापक निवडताना*

- आधी क्रियापद पाहा, मग मापक (किती वेळा ते मोजणारा शब्द) निवडा.
- किती प्रसंगी घडले एवढेच सांगायचे असेल तर त्स (४) वापरा. तो बहुतेक क्रियांना चालतो.
- अथपासून इतिपर्यंत पार पडलेल्या क्रियेला ब्येन (४) लावा: खान ल सान ब्येन, म्हणजे तीनदा पूर्ण वाचले.
- वाचणे, ऐकणे, सांगणे, मोजणे, तपासणे, पुसून काढणे यांसाठी आधी ब्येन आठवा. या कामांना सुरुवात असते आणि शेवटही.
- जाऊन परत येण्याला थांग (४) वापरा: छ्यु ल यि थांग शांघाय, म्हणजे शांघायला जाऊन आलो.
- कामासाठी मारलेल्या फेऱ्याही थांगनेच मोजा. फुकट गेलेल्या हेलपाट्याला बाय फाओ यि थांग म्हणा.
- झटक्यात संपणाऱ्या हालचालीला श्या (४) लावा: दार ठोठावणे, पाठ थोपटणे, डोळे मिचकावणे, मान डोलावणे.
- विनंती मऊ करायची असेल तर क्रियापदानंतर यि श्या जोडा: दंग यि श्या, म्हणजे ‘जरा थांबा’.
- रागावणे, झोडपणे, टीका करणे आणि जेवणे यांना दुन (४) लावा.
- वेळ घेऊन, मन लावून केलेल्या गोष्टीला फान (१) वापरा: विचार करणे, न्याहाळणे, कौतुक करणे.
- रडणे, आजारपण, युद्ध, मोठा पाऊस यांना छांग (२) लावा. सुरू झाले की ते बराच काळ चालते.
- चित्रपट, नाटक, सामना यांना छांग (३) म्हणा; अक्षर तेच, सूर वेगळा.
- अचानक येऊन थोड्या वेळात ओसरणाऱ्या गोष्टीला झन (४) लावा: वाऱ्याची झुळूक, पावसाची सर, टाळ्यांचा कडकडाट.
- अवयवाने केलेली क्रिया त्याच अवयवाने मोजा: खान ल यि यान (डोळा) म्हणजे एक नजर टाकली, थी ल यि ज्याओ (पाय) म्हणजे एक लाथ मारली.
- चाव्याला आणि घोटाला खोउ (३) वापरा, हाकेला शंग (१). पहिल्याचा अर्थ तोंड, दुसऱ्याचा आवाज.
- ठरावीक काळाने भरणाऱ्या स्पर्धांना ज्ये (४) लावा: २००८ चे बीजिंग ऑलिंपिक हे २९ वे ज्ये होते.

*उच्चारताना*

- चौथ्या सुराच्या मापकापुढे यि (एक) दुसऱ्या सुरात म्हणा: यि त्स, यि ब्येन, यि थांग, यि श्या, यि दुन, यि झन.
- ह्वे (२, त्सचा बोलीतला पर्याय), फान (१) आणि दोन्ही छांगपुढे यि चौथ्या सुरात म्हणा.
- दी यि त्स, म्हणजे ‘पहिल्यांदा’, यात यि पहिल्याच सुरात ठेवा; क्रम सांगताना त्याचा सूर बदलत नाही.

*आकडा लावताना*

- ‘दोनदा’साठी ल्यांग घ्या: ल्यांग त्स, ल्यांग ब्येन, ल्यांग थांग.
- ‘दुसऱ्यांदा’साठी दी अर त्स म्हणा, दुसऱ्या महायुद्धाच्या चिनी नावातही हेच शब्द आहेत.
- कार्यकाळ आणि बैठक वेगवेगळ्या मापकांनी मोजा: २०२३ मध्ये भरलेले अधिवेशन हे चौदाव्या (ज्ये) नॅशनल पीपल्स काँग्रेसचे, म्हणजे चीनच्या संसदेचे, पहिले (त्स) अधिवेशन होते.
- ‘मागच्या वेळी’ला शांग त्स आणि ‘पुढच्या वेळी’ला श्या त्स म्हणा.
- ‘एकदा काय झाले’ अशी हकिकत सुरू करताना यो यि त्स किंवा यो यि ह्वे म्हणा.
- ‘पुन्हा पुन्हा’ सांगताना मापकाची जोडी करा: सुट्या प्रसंगांना यि त्स यि त्स, पूर्ण आवर्तनांना यि ब्येन यो यि ब्येन.

*वाक्यात बसवताना*

- आकडा आणि मापक क्रियापदानंतर ठेवा. मराठीत ‘दोनदा’ आधी येते, चिनीत मागाहून.
- कर्म सर्वनाम असेल तर ते आधी, मापक नंतर: झाओ ग्वो था ल्यांग त्स, म्हणजे त्याला दोनदा शोधले.
- कर्म साधे नाम असेल तर मापक आधी, नाम नंतर: खान ल ल्यांग त्स द्येन-यिंग, म्हणजे दोनदा चित्रपट पाहिला.
- गावाचे नाव असेल तर कोणताही क्रम घ्या. छ्यु ग्वो बीजिंग ल्यांग त्स आणि छ्यु ग्वो ल्यांग त्स बीजिंग दोन्ही चालतात.
- ठरावीक पुस्तकाबद्दल बोलत असाल तर ते वाक्याच्या सुरुवातीला आणा: झ बन शू वो खान ल ल्यांग ब्येन, म्हणजे हे पुस्तक मी दोनदा पूर्ण वाचले.
- क्रियापद आणि नाम मिळून झालेला शब्द फोडा आणि मापक मध्ये घाला: ज्येन ल ल्यांग त्स म्येन, म्हणजे दोनदा भेटलो.
- ‘एकदाही नाही’ म्हणताना मापक क्रियापदाच्या आधी आणा: यि त्स ये मेइ छ्यु ग्वो, म्हणजे एकदाही गेलो नाही.

*बोलताना, लिहिताना, शिकताना*

- गप्पांत ह्वे (२) मोकळेपणी वापरा. अहवालात, पत्रात आणि बातमीत त्स लिहा.
- वर्गात कळले नाही तर छिंग झाय श्वो यि ब्येन म्हणा. सांगितलेले सगळे पुन्हा ऐकायला मिळेल.
- औषधाच्या वेष्टनावरचा त्स नीट वाचा: यि र सान त्स म्हणजे दिवसातून तीनदा, यि त्स ल्यांग फ्येन म्हणजे एका वेळी दोन गोळ्या.
- मापक क्रियापदासकट पाठ करा. सुटा शब्द आठवतो, पण वाक्यात बसत नाही.
- शंका आली तर ल्यू शूश्यांग यांनी संपादित केलेला, १९८० मध्ये निघालेला आधुनिक चिनीच्या आठशे शब्दांचा कोश उघडा.
- प्रत्यक्ष वापर पाहायचा असेल तर पेकिंग विद्यापीठाचा सीसीएल किंवा बीजिंग भाषा व संस्कृती विद्यापीठाचा बीसीसी हा वाक्यसंग्रह चाळा.

काय टाळावे

*मापक निवडताना*

- प्रत्येक ‘वेळा’साठी त्स लावून मोकळे होऊ नका, वाक्य चुकत नाही, पण अर्धा अर्थ सांडतो.
- अर्धवट सोडलेल्या वाचनाला ब्येन लावू नका. ‘तीनदा हातात घेतले, एकदाही संपले नाही’ इथे त्सच हवा.
- येणे, भेटणे, आजारी पडणे, लग्न करणे यांना ब्येन जोडू नका. या क्रिया अथपासून इतिपर्यंत ‘वाचून’ काढता येत नाहीत.
- कायमचे गाव सोडले त्याला थांग म्हणू नका; थांगमध्ये परतणे गृहीत असते.
- बसल्या जागी केलेल्या कामाला थांग लावू नका. वाट पाहणे, वाचणे, विचारणे यांत फेरी नसते.
- सान श्या आणि सान त्स यांत घोळ करू नका. दारावर तीन थापा म्हणजे सान श्या, तीन वेगवेगळ्या वेळी दार ठोठावले तर सान त्स.
- विनंती मऊ करताना यिऐवजी दुसरा आकडा घेऊ नका. दोन-तीन म्हटले की खरीखुरी मोजणी सुरू होते.
- खान खानसारख्या दुहेरी क्रियापदाला यि श्या जोडू नका. खान खान म्हणा किंवा खान यि श्या.
- यि श्या झ म्हणजे यि श्या समजू नका; त्याचा अर्थ ‘एकदम’, आणि तो क्रियापदाच्या आधी येतो.
- यो ल्यांग श्या झ ऐकून काय दोनदा झाले ते शोधू नका. त्याचा अर्थ ‘हाताला कसब आहे’.
- कौतुक दुनने मोजू नका. चेष्टा केल्यासारखे वाटते.
- झटपट उरकलेल्या कामाला फान लावू नका. त्यात आयास आणि वेळ दोन्ही अभिप्रेत असतात.
- फान ल्यांग फान म्हणजे तिप्पट समजू नका: फान यि फान दुप्पट, फान ल्यांग फान चौपट, १९८२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या बाराव्या अधिवेशनात २००० सालापर्यंतच्या उत्पादनाचे उद्दिष्ट याच शब्दांत ठरले होते.
- रात्रभर कोसळलेल्या पावसाला झन म्हणू नका. झन सरीपुरता, मोठ्या पावसाला छांग.
- ओझरत्या नजरेला किंवा एका लाथेला त्स लावू नका. वाक्य पोलिसी नोंदीसारखे कोरडे होते.
- घरगुती प्रसंगांना ज्ये लावू नका. तो स्पर्धा, संमेलने, प्रतिनिधी सभा आणि पदवीधरांच्या तुकड्यांपुरता ठेवा.

*उच्चारताना*

- थांगचा सूर सैल सोडू नका. पहिल्या सुरात तेच सूप होते, दुसऱ्यात साखर.
- ब्येनमधला ब आणि दुनमधला द मराठीसारखा घुमवू नका. मूळ ध्वनी अघोष आहेत, प आणि तच्या जवळचे.
- बीजिंगकडच्या लोकांचा यि श्यार वेगळा शब्द समजू नका; तो यि श्याच आहे, शेवटी र वळवलेला.

*आकडा लावताना*

- ‘दोनदा’ला अर त्स म्हणू नका, अर तिथे क्रमाचा, मोजणीचा नाही.
- आकडा आणि मापक यांच्या मध्ये ग (वस्तू मोजताना लागणारा शब्द) घालू नका. सान ग त्स चूक, सान त्स बरोबर.
- क्रम सांगताना दी गाळू नका; सान त्स म्हणजे तीनदा, दी सान त्स म्हणजे तिसऱ्यांदा.
- ‘मागच्या वेळी’साठी शांग ब्येन किंवा शांग दुन बनवू नका, शांग त्स किंवा शांग ह्वे म्हणा.
- ल्यांग ह्वे श म्हणजे ‘दोनदा’ समजू नका. त्याचा अर्थ ‘दोन वेगळ्या गोष्टी’.
- जुन्या कादंबरीतला ह्वे फेरी म्हणून वाचू नका. तिथे तो अध्याय असतो, आणि ‘लाल महालातील स्वप्न’च्या रूढ आवृत्तीत असे १२० ह्वे आहेत.
- यि ह्वर मापकांच्या यादीत घालू नका. तो ‘थोडा वेळ’ सांगतो, संख्या नाही.

*वाक्यात बसवताना*

- मराठी क्रम जसाच्या तसा उचलू नका. क्रियापदाच्या आधी आलेला यि त्स ‘एका दमात’ किंवा ‘एका वेळी’ असा अर्थ देतो.
- सर्वनाम मापकानंतर टाकू नका. झाओ ग्वो ल्यांग त्स था कानाला खटकते.
- ज्येन-म्येन ल्यांग त्स असे सलग बोलू नका; मापक आत जायला हवा.
- ‘चालू आहे’ दाखवणाऱ्या झाय (४) बरोबर मोजणी करू नका. काम संपल्याशिवाय ते किती वेळा झाले हे सांगता येत नाही.
- ‘पुन्हा’चा झाय (४) आणि यो (४) अदलाबदलीने वापरू नका, पुढे व्हायचे त्याला झाय, घडून गेले त्याला यो.
- मेइ छ्यु ग्वो यि त्स म्हणून ‘एकदाही नाही’ साधू नका. जोर देण्यासाठी मापक आधीच यावा लागतो.

*बोलताना, लिहिताना, शिकताना*

- औपचारिक लिखाणात ह्वे वापरू नका. महायुद्ध, परिषद, अधिवेशन यांच्या नावात तो कधीच बसत नाही.
- ‘परत म्हणा’साठी झाय श्वो यि श्या म्हणू नका. मिळेल ते ओझरते उत्तर, पूर्ण वाक्य नाही.
- औषधाचे दोन त्स एकमेकांत मिसळू नका. दिवसाच्या वेळा आणि एका वेळच्या गोळ्या वेगळ्या वाचा.
- चिनी भाषेच्या एचएसके परीक्षेत ध्वनिफीत किती वेळा ऐकवणार ते त्सने सांगितलेले दिसले, म्हणून तिथे ब्येन चूक ठरवू नका. पूर्ण ऐकण्याला दोन्ही चालतात.
- सगळी मापके एकदम घोकू नका. त्स, ब्येन, थांग आणि श्या हातात बसल्याशिवाय फान आणि झनकडे वळू नका.
- अर्थ कळला म्हणून मापक आले असे धरू नका. त्याच क्रियापदाला दोन वेगळी मापके लावून दोन वाक्ये करा, आणि फरक सांगता आला तरच पुढे जा.