उतारवयातील स्नायुबल : एक दुर्लक्षित ठेव

वृद्धापकाळ म्हटला की रक्तदाब, मधुमेह, मोतीबिंदू आणि गुडघेदुखी यांची चर्चा घरोघरी होते. या विकारांच्या तपासण्या ठरलेल्या असतात आणि त्यांचे कागद फाईलमध्ये नीट लावलेले असतात. मांड्यांत व दंडांत किती बळ शिल्लक आहे, याची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवतो. प्रस्तुत लेखक वैद्यक नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि रुग्णालयाच्या प्रशासनात वर्षे घालविल्यानंतर एक प्रसंग वारंवार दृष्टीस पडतो. न्यूमोनिया बरा झालेला असतो, बिल चुकते झालेले असते आणि घरी जाण्याच्या वेळी नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, "आजोबा आले तेव्हा चालत आले होते. आजार बरा झाला, मग आता उठून उभे का राहवत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर बहुधा स्नायूंत असते. वयाबरोबर स्नायूंचे आकारमान घटत जाते आणि त्यांतील बळ त्याहूनही वेगाने घटते. या अवस्थेस 'सार्कोपेनिया' हे नाव अमेरिकेतील पोषणतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सुचविले. आम्हा हिशेबनिसांच्या भाषेत हा घसाराच होय. भेद इतकाच की, यंत्राचा घसारा वापराने वाढतो, तर स्नायूंचा न वापरल्याने. सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार नाहीसा झाला आणि पायांचे बळ सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. ही माणसे आजारी नव्हती, हे ध्यानात घ्यावे. ताप, अन्नावरील अनिच्छा आणि ऐंशीच्या घरातील वय यांची त्यात भर पडली म्हणजे वर उल्लेखिलेल्या आजोबांची अवस्था समजून येते.

गेलेले बळ परत मिळविता येते काय? येते, आणि बरेच उशिराही येते. अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. मारिया फियाटारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. वजनही नाममात्र नव्हते. प्रत्येकास एका वेळी जास्तीत जास्त जेवढे पेलवे, त्याच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत ते वाढविण्यात आले. ज्यांनी हा क्रम पूर्ण केला, त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. १९९० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील दुसरी नोंदही महत्त्वाची आहे : व्यायाम थांबविल्यावर चारच आठवड्यांत मिळविलेल्या बळाला मोठी गळती लागली. ही मुदत ठेव नव्हे. हप्ता नियमित भरावा लागतो.

याच चमूने १९९४ साली शंभर वृद्धांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय आणि काहींना दोन्ही देण्यात आले. व्यायाम करणाऱ्यांचे बळ दुपटीहून अधिक झाले. केवळ पौष्टिक पेय घेणाऱ्यांस लक्षणीय लाभ झाला नाही. आजीसाठी टॉनिकच्या बाटल्या आणि डिंकाचे लाडू आणणाऱ्या प्रेमळ चिरंजीवांनी याची दखल घ्यावी. डाळी, दूध, अंडी यांतील प्रथिने आवश्यक आहेतच. परंतु स्नायूंना काम दिल्यावाचून त्यांचा पुरेसा उपयोग होत नाही.

"मी रोज सकाळी फिरायला जातो," असे अनेक ज्येष्ठ नागरिक सांगतात. फिरणे हृदयास उत्तमच. पण त्याने बळाची पुरेशी वाढ होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. त्याखेरीज दोन दिवस स्नायू बळकट करणारा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा, असेही सुचविले. तोलाचा उल्लेख सहेतुक आहे. केवळ वजने उचलल्याने पडण्याचे प्रमाण कमी होते, असे खात्रीने म्हणता येत नाही. तोलाचा व बळाचा व्यायाम जोडीने केल्यास मात्र ते बहुधा कमी होते.

यासाठी जिमचे सभासदत्व अनिवार्य नाही. तालमीतील बैठकांचेच सौम्य रूप म्हणजे भिंतीस टेकविलेल्या भक्कम खुर्चीतून, हात छातीशी दुमडून, उठणे आणि सावकाश बसणे. तीस सेकंदांत किती वेळा उठता येते, हे मोजावे. अमेरिकेतील निकषांनुसार ७० ते ७४ वयात पुरुषांस १२ आणि स्त्रियांस १० पेक्षा कमी वेळा जमल्यास पडण्याचा धोका अधिक मानतात. घोट्याला वाळूची पट्टी बांधून पाय सरळ करणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीला हात टेकवून जोर काढणे हेही घरी करण्याजोगे आहे. सोपे वाटू लागताच वजन वा संख्या वाढवावी, अन्यथा प्रगती थांबते. श्वास रोखून धरू नये. छातीत दुखल्यास वा घेरी आल्यास त्वरित थांबावे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांच्या अनुमतीनेच प्रारंभ करावा.

घरातील मंडळींविषयीही थोडे लिहिणे प्राप्त आहे. "आई, तू बस, मी आणते" हे वाक्य मायेचे खरे. पण दिवसभरात ते पंधरा वेळा उच्चारले गेले, तर आईच्या पंधरा बैठका बुडतात. पाटावरचे जेवण गेले, पाटा-वरवंटा गेला, कमोड आला. गुडघ्यांना त्याने आराम मिळाला, हे मान्य करूनही मांड्यांचे काम कमी झाले, हे नाकारता येत नाही.

देणगीदारांसाठी एक व्यवहाराची बाब. यंत्र दिले की त्यावर नावाची पाटी लावता येते. वाळूच्या पट्ट्यांच्या जोडीवर पाटी कोठे लावावी, ही प्रशासकाची खरीच अडचण आहे. तरीही फिजिओथेरपी विभागाच्या गरजांत अशा पट्ट्या, कठडे आणि भक्कम खुर्च्या यांचा खर्च सर्वांत अल्प असतो.

रुग्णास घरी नेताना औषधांची चिठ्ठी जशी समजून घेता, तशीच फिजिओथेरपिस्टकडून कोणता व्यायाम, किती वेळा आणि किती दिवसांनी वाढवावयाचा, ही माहिती कागदावर लिहून घ्यावी. रुग्ण दाखल असतानाच, डॉक्टरांनी अनुमती देताच, त्यास दिवसातून काही वेळा खाटेवरून उठवून खुर्चीत बसविण्यास परिचारिकांना साहाय्य करावे.