जुनी प्रणाली, नवा संगणक

मुलांनो, समजा, बाभुळगावातील एका शाळेचा जुना संगणक बंद पडला. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेली उर्दू-मराठी कागदपत्रे आता कशी उघडायची? नव्या संगणकावर 'विंडोज एक्सपी' टाकून? ते सहसा जमत नाही. २००१ साली आलेल्या या प्रणालीला नव्या यंत्राचे भाग ओळखता येत नाहीत. ती ओळख 'ड्रायव्हर' नावाची आज्ञावली करून देते. नव्या भागांसाठी एक्सपीचे ड्रायव्हर सहसा मिळत नाहीत.

यावर उपाय आहे. नव्या प्रणालीत 'आभासी संगणक' तयार करून त्यात एक्सपी चालवावी. जणू नव्या घरात आजोबांची खोलीच! मात्र एक्सपीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. म्हणून त्या खोलीला इंटरनेट जोडू नका आणि कागदपत्रांची दुसरी प्रत अवश्य ठेवा.

शब्दार्थ : आभासी – खरे नसून खऱ्यासारखे भासणारे.