अठरा पूर्ण, आईची सही बाद

घरांच्या सोडतीच्या यादीत नाव लागलं त्या रात्री आम्ही पेढे वाटले, ही पहिली चूक. पेढे ताबापत्र हातात आल्यावर वाटायचे असतात. पुढच्या महिन्यात कागदपत्रांच्या छाननीला गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी फाइल चाळली आणि विचारलं, "दिव्यांग कोण? अर्जदार की मुलगा?"

"मुलगा. अर्ज ह्यांच्या नावाने आहे."

"मग हा अर्ज दिव्यांग गटात बसत नाही, ताई."

योजनेचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. अट माहितीपुस्तिकेत छापलेली होती. आम्ही किमतीचं आणि चटईक्षेत्राचं पान तेवढं वाचलं होतं. घरात दिव्यांग मूल आहे म्हणजे अख्खं घर त्या गटात बसतं, असं आम्ही धरून चाललो होतो. राखीव गटातलं प्रमाणपत्र अर्जदाराचंच लागतं.

आमचा मुलगा २२ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी, जोडीला बौद्धिक दिव्यांगत्व. त्याचं बोलणं मला कळतं आणि मावशींना. मावशी म्हणजे ब्युरोकडून येणाऱ्या बाई, सकाळी आठ ते रात्री आठ, महिना १८,००० रुपये. आम्ही खांदा कॉलनीत तळमजल्यावर भाड्याने राहतो. दर अकरा महिन्यांनी करार संपला की पोटात गोळा येतो, कारण पनवेलात तळमजला मिळणं सोपं नाही. मिळाला तरी मालकाचा पहिला प्रश्न असतो, "ती बाई रात्री राहणार का?" राहणार असेल तर भाडं चढतं. ह्यांना तळोज्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी असते त्या आठवड्यात मावशी राहतात, स्वयंपाकघरात ओट्याखाली सतरंजी टाकून. माझी भाची इंग्लंडमध्ये असते. ती सांगते, तिथे रात्री राहणाऱ्या काळजीवाहकासाठी एक जास्तीची खोली धरून भाड्याची सरकारी मदत मोजतात. मी मावशींना हे सांगितलं, तर त्या कितीतरी वेळ हसत होत्या.

तर, मुलाच्या नावाने अर्ज करायचा, असं ठरलं. आधी त्याच्या नावाचं बँक खातं हवं. फॉर्म भरून देणाऱ्या माणसाने सल्ला दिला, "अंगठा घ्या, चालतं." लेकाची उजवी मूठ कायम आवळलेली असते. ती उघडायची तर आधी मनगट खाली वाकवायचं, मग करंगळीपासून एकेक बोट सोडवायचं. त्याला वाटलं खेळच चाललाय. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला तोच मूठ पुन्हा मिटली आणि शाई तळहातभर झाली. चौथ्या फॉर्मवर कसाबसा ठसा उमटला. बँकेतल्या अधिकाऱ्याने तो पाहिला, मग मुलाकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता. अधिकारी शांतपणे म्हणाले, "अंगठा त्याचा आहे, पण संमती कोणाची? पालकत्वाचा आदेश आणा."

मला राग आला. मी आई आहे, आणखी कसला आदेश? पण त्यांचं बरोबर होतं. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान, आणि त्या दिवसापासून आईबापाची सही त्याच्या वतीने चालत नाही. आमची सही चार वर्षांपूर्वीच गेली होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. त्या वाढदिवशी आम्ही त्याला अननसाचा केक भरवत होतो.

ह्यावर उपाय राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता, ह्या चारांपैकी काही असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. समितीवर जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. न्यायालयात जायची गरज नसते. आपला जिल्हा रायगड, म्हणजे अलिबाग. पेण, वडखळ करत आम्ही तीनदा गेलो. त्यातल्या दोन फेऱ्या आमच्याच चुकीने झाल्या. मुलाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लहानपणीचं, तात्पुरतं होतं आणि मुदत संपलेली होती. जन्मदाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरं. प्रमाणपत्र नवं काढलं, वैश्विक ओळखपत्र आलं, निळ्या पट्टीचं. निळी म्हणजे ८० टक्के किंवा जास्त, पिवळी ४० ते ७९. हे कार्ड आधी असतं तर निम्मी धावपळ वाचली असती.

आदेश मिळाला की काम संपलं असं नाही. पालकाने नेमणुकीपासून ६ महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब. काही पालकांना हे अपमानाचं वाटतं. मला नाही वाटत. उद्या घर त्याच्या नावावर झालं आणि आम्ही नसलो, तर पुढच्या पालकालाही हाच हिशेब द्यावा लागेल.

इथे एक सांगायलाच हवं. तुमच्या मुलाला नुसतं शारीरिक दिव्यांगत्व असेल, व्यवहार समजत असेल, तर त्याच्यावर पालक बसवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ त्याला मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे पैसे सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क देतं. त्याचा अंगठा ही त्याची सहीच आहे. ती काढून घेऊ नका.

त्याच कायद्याचं कलम ३७ सरकारी घरवाटप योजनांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना ५ टक्के आरक्षण देतं आणि त्यातही स्त्रियांना प्राधान्य. घरभाड्याला दरमहा मदत मात्र आम्हाला कुठल्याच खिडकीवर मिळाली नाही. आहे ते आरक्षण, आणि पंतप्रधान आवास योजनेत बसलात तर अनुदान.

ह्या आवास योजनेत आम्ही दुसऱ्यांदा अडकलो. ह्यांच्या वडिलांचं माणगाव तालुक्यात घर आहे, चिऱ्याचं. सासरे गेल्यावर उताऱ्यावर वारसांची नावं लागली, त्यात ह्यांचंही. वर्षातून गणपतीत चार दिवस जातो तेवढंच. पण योजनेची अट अशी, की कुटुंबात कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. बावीस वर्षांचा लेक सहीसाठी सज्ञान, आणि घरासाठी पुन्हा आमच्या पदराखालचा! "माणगावात कोण बघायला जातंय, नाही म्हणून लिहा," असं सांगणारे भेटले. आम्ही लिहिलं नाही. खोट्या प्रतिज्ञापत्रावर मिळालेलं घर मुलासाठी मागे ठेवण्यात काय अर्थ? कोकणात ज्यांचं गावाकडे घर आहे त्यांनी आधी उतारा काढून नावं बघावीत.

मावशींच्या पगाराचं काय? २०१६ च्या त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळ ६०० रुपये देतं, कर्नाटकाने काही आजारांसाठी १,००० सुरू केले. आमच्या हाती ह्या नावाने एक रुपया आलेला नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० झाले, चांगलं झालं. पण अट कुटुंबाच्या वर्षाच्या ५०,००० उत्पन्नाची. महिन्याला चार हजारांवर कमावणारं घर त्यातून बाहेर, आणि मावशींना द्यायचे अठरा. ही मर्यादा ठरवणाऱ्याने कधी ब्युरोला फोन केलेला नसावा. आम्हाला मिळालं ते निरामय आरोग्य विमा, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि ह्यांच्या प्राप्तिकरात, जुन्या पद्धतीत, १,२५,००० ची वजावट. तेवढं तरी सोडू नका.

आणि घर बघायला जाताना टेप न्या. मागच्या भाड्याच्या घरात सगळं छान होतं, अगदी लिफ्टसुद्धा. सामान लावून झालं आणि कळलं, बाथरूमचं दार २४ इंची, व्हीलचेअर २५. त्या एका इंचापायी अकरा महिने त्याला उचलून नेलं. माझ्या पाठीचा पट्टा तेव्हापासूनचा. सुगम बांधकामाच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३५ इंच आहे. २०२४ च्या दसऱ्याला सिडकोने २६,००० घरांची योजना काढली, तीत पसंतीचं घर आणि मजला निवडायची सोय होती. अशी सोय असेल तिथे समुद्राकडची खिडकी विसरा, खालचा मजला मागा. लिफ्ट बंद पडते.

आता पुढच्या सोडतीचा अर्ज मुलाच्या नावाने तयार आहे. खाली माझी सही, 'कायदेशीर पालक' असं लिहून. तुमचं मूल सतरा वर्षांचं असेल, तर जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग आज रात्रीच ताडून बघा.