एकटी की एकाकी?

बाळा, परवा तू लीड्सच्या घरमालकिणीला 'आय अ‍ॅम लोनली धिस वीकेंड' म्हणालीस आणि ती बिचारी केक घेऊन दारात आली. तुला एवढंच सांगायचं होतं, की खोलीतली मैत्रीण गावाला गेलीय. तिथं शब्द हवा होता 'अलोन'. अलोन ही नुसती मोजणी, घरात माणसं किती, तर एक. लोनली हे मनाचं. तुझे आजोबा गेले तेव्हा तेरा दिवस घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी अलोन नव्हते, लोनली होते. आता रेडिओ लावून भाजी निवडत बसते, तेव्हा अलोन असते, लोनली क्वचितच.

'ऑल' आणि 'वन' मिळून 'अलोन' हा शब्द झाला, म्हणजे सगळा मिळून एकच. 'वन'चा जुना उच्चार 'ओन'सारखा होता, तो 'अलोन' आणि 'ओन्ली'त अजून टिकून आहे. मग 'अलोन'चं डोकं छाटून 'लोन' आला आणि 'लोन'चा 'लोनली'. मला हे घराणं फार आवडतं.

शाळेत वर्षानुवर्षं मी लाल शाईनं एकच चूक खोडली: 'अ‍ॅन अलोन मॅन'. आपण 'एकटा माणूस' म्हणतो, म्हणून मुलं तसंच लिहीत. अलोन नामाच्या आधी बसत नाही. 'द मॅन इज अलोन', 'शी लिव्ज अलोन' म्हण. माळावरचं एकटं झाड 'लोन ट्री' किंवा 'सॉलिटरी ट्री'. पण 'लोनली रोड' म्हणजे रस्त्याला दुःख झालंय असं नाही, तो निर्जन आहे. अशा रस्त्यानं रात्री जाऊ नकोस.

नामानंतर लगेच अलोन आला तर अर्थ 'एवढंच' किंवा 'फक्त'. 'द रेंट अलोन' म्हणजे नुसतं भाडंच, बाकीचा खर्च वेगळा. 'लेट अलोन' म्हणजे 'ते तर सोडाच'.

आणि 'लीव्ह मी अलोन' कुणाला म्हणू नकोस, ते फटकारल्यासारखं लागतं. अभ्यासाला निवांतपणा हवा असेल तर 'आय नीड सम टाइम टू मायसेल्फ' म्हण.

खरंच लोनली वाटलं, तर शब्द शोधत बसू नकोस, मराठीत फोन कर. रात्री अकरापर्यंत तो माझ्या उशाशीच असतो.