तापातला पीएसए

सोयाबीन काढणीच्या ऐन गर्दीत थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ, धार बारीक, ओटीपोटात जडपणा. रिसोडला रक्त दिलं, तर लॅबवाल्यानं पॅकेजमध्ये पीएसएही करून टाकला. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला: पीएसए २७, सीआरपीही चढलेला. चारच्या वर पीएसए म्हणजे कॅन्सर, असं घरात कुणीतरी ठामपणे सांगितलं. "भाऊ, नागपूरले घेऊन चला, उशीर नोको," सुरू झालं आणि सोयाबीन मिळेल त्या भावात विकायचं ठरलं.

अकोल्याच्या यूरॉलॉजिस्टांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी ताप पाहिला. "काका, हा आकडा तापातला आहे. आज त्याचा अर्थ लावायचा नाही."

पीएसए प्रोस्टेटच्या पेशींत तयार होणारं प्रथिन आहे. ग्रंथी वयानं वाढली, जंतूंनी सुजली, लघवी तुंबून नळी घालावी लागली किंवा कॅन्सर झाला, तरी ते जास्त प्रमाणात रक्तात उतरतं. त्यामुळे त्या आकड्यावरून प्रोस्टेटला काहीतरी झालंय एवढंच कळतं. अमेरिकेत १९८६ मध्ये या चाचणीला मान्यता मिळाली ती कॅन्सर झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून ती १९९४ मध्ये मान्य झाली. सीआरपी तर यकृतात बनतो. न्यूमोनिया असो की दाताचा पू, तो चढतोच. ईएसआर या रक्तचाचणीचंही तेच. शरीरात दाह आहे हे ते सांगतात. कुठे आणि कशामुळे, हे नाही.

माझी लघवी कल्चरला गेली, प्रतिजैविकं सुरू झाली. ताप उतरल्यावर गोळ्या सोडायचा मोह होतो. तो टाळा, कारण अर्धवट मारलेला संसर्ग प्रोस्टेटमध्ये दबा धरून बसतो. संसर्ग बरा झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पीएसए पुन्हा केला, तो चारच्या खाली आला होता.

पण खरा धोका मला इथेच दिसतो. बरं वाटलं की आपल्याकडे दुसरी तपासणी राहून जाते, शेतीची कामं आड येतात. संसर्ग होता म्हणून कॅन्सर नाहीच, असं कुणी म्हणू शकत नाही. आकडा खाली आला नाही, तर डॉक्टर बोटानं तपासतात, एमआरआय सांगतात, गरज पडली तर बायोप्सी. त्याला घाबरून मागे फिरू नका. नुसता आकडा उतरवायला प्रतिजैविकं मात्र मागू नका.

प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल, तर ते आधी सांगा. काही महिन्यांत या गोळ्या पीएसए जवळपास निम्मा करतात आणि चांगला दिसणारा आकडा फसवा ठरू शकतो. साखर असेल तर तीही सांगा.

आणि तापासोबत लघवी पूर्ण अडली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच १०८ ला फोन करा आणि जिल्हा रुग्णालय गाठा.