धूर खालून, धडधड वरून

अगं, तक्रार घेऊन कुणाची बेल वाजवण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. तुला त्या माणसाची सवय मोडायची आहे, की तुझ्या घरात येणारा धूर थांबवायचा आहे? ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं त्याच्या बायकोला आख्ख्या संसारात जमलेलं नाही, ते तुला लिफ्टमधल्या दोन मिनिटांत कसं जमणार? दुसरं मात्र जमण्यासारखं आहे. म्हणून सिगारेट सोडा म्हणू नकोस, ओढायची जागा बदला म्हण. वरच्यांना गप्प बसा म्हणू नकोस, वेळ बदला म्हण. समोरच्याला आज संध्याकाळपासून करता येईल, असंच काहीतरी मागावं.

आधी धूर कुठून येतो ते शोध. आपल्याकडच्या बिल्डिंगमध्ये बहुतेकदा तो येतो बाथरूमच्या डक्टमधून. खालचा माणूस संडासात नाहीतर डक्टकडच्या खिडकीशी उभा राहून ओढतो, गरम धूर वर चढतो आणि तुझ्या झडपांच्या खिडकीतून आत शिरतो. त्यात आपणच भर घालतो. हॉलच्या खिडक्या बंद करून स्वयंपाकघरातली चिमणी लावली, की ती घरातली हवा बाहेर फेकते, आणि तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. ती येते डक्टमधून, धुरासकट. खरं-खोटं बघायचंय? चिमणी चालू कर, बाथरूमचं दार उघडं ठेव आणि पेटती उदबत्ती डक्टच्या खिडकीशी धर. धूर घराच्या आत वळला तर चोरवाट सापडली म्हणायची. मग चिमणी लावताना हॉलची खिडकी उघडी ठेवायची, बाथरूमचं दार लोटून घ्यायचं, दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी लावायची. पाइप भिंतीतून जातात तिथली भोकं प्लंबरकडून व्हाइट सिमेंटने बुजवून घे. एक्झॉस्ट पंखा बदलायचा झाला तर बंद झाल्यावर आपोआप मिटणाऱ्या झडपांचा घे.

बाळासाठी एअर प्युरिफायर घ्यायचा म्हणतेस, तर घे, पण अपेक्षा बेताची ठेव. हेपा फिल्टर धुरातले कण पकडतो, वायू आणि वास पकडत नाही. त्याला कार्बनचा थर लागतो आणि तोही काही दिवसांनी भरतो. उदबत्ती किंवा धूप लावून वास झाकायच्या फंदात तर पडूच नकोस. परीक्षेपुरती उदबत्ती ठीक, एरवी तो आणखी एक धूर. आणि कुणी म्हणालं की एवढ्याशा वासाने काय होतंय, तर मनात शंका ठेवू नकोस. दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. लहान मुलांना दम्याचा त्रास आणि कानाचे संसर्ग त्याने वाढतात. तू नाटकं करत नाहीयेस.

आता बोलायचं कसं? आधी हे लक्षात घे की जो माणूस स्वतःच्या घरात ऐसपैस हॉल असताना संडासात जाऊन ओढतो, त्याला घरच्यांनीच तिथे पाठवलेलं असतं. सून बोलते, नातवंडं आहेत, म्हणून बिचारा दार लावून ओढतो. त्याच्या घरच्यांनी नाकारलेला धूर तुझ्याकडे येतो, आणि बहुतेकदा त्याला याचा पत्ताही नसतो. अशा काकांना त्यांच्या सुनेसमोर दारात उभं राहून बोललीस, तर ते कानकोंडे होतील आणि पुढे तुझ्याशी कधी सरळ बोलणार नाहीत. एकटे गाठ. पार्किंगमध्ये, सकाळी दूध आणायला उतरतात तेव्हा. आणि असं म्हण: ‘काका, एक सांगायचं होतं. आमच्या बाथरूममध्ये डक्टमधून सिगारेटचा धूर भरतो, आणि बाळाची आंघोळ तिथेच असते. तुम्ही रस्त्याकडच्या गॅलरीत ओढलीत तर आमचं काम होईल.’ एवढंच. ‘तब्येतीला वाईट असतं हो’ हे वाक्य गिळून टाक. त्यांनी ते डॉक्टरांकडून ऐकलंय, पाकिटावरच्या चित्रातही रोज बघतात. आठ दिवसांनी फरक पडला, तर आवर्जून ‘बरं वाटलं काका’ म्हणायला विसरू नकोस. त्या एका वाक्यावर पुढचे सहा महिने निघतात.

निरोप वॉचमनबरोबर पाठवायचा नाही. आपल्या माणसाला तो अपमान वाटतो, आणि वॉचमन मधल्या मध्ये पिचतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही. तिथे ‘काही सदस्यांना कळत नाही’ असं लिहिलंस, की ज्यांचा संबंध नाही ते चिडतात आणि ज्याचा आहे तो नामानिराळा राहतो.

एक नाजूक गोष्ट सांगते. ओढणारी एखादी मुलगी असेल, भाड्याने राहणारी, एकटी, तर बिल्डिंगमधल्या चार जणी तुझी तक्रार पळवून नेतील. धूर राहील बाजूला आणि तिचे कपडे, तिचे मित्र, तिची यायची वेळ यांवर चर्चासत्र भरेल. त्यात तू सामील होऊ नकोस. वरच्या कॉलेजच्या मुलांचंही तेच. ‘बॅचलर्सना घर देऊच नये’ म्हणणारे तुला पाठिंबा द्यायला धावत येतील, पण तुला हवी आहे रात्रीची झोप, त्यांना हवीत ती मुलं बाहेर. ज्या धुराबद्दल तू काकांशी आदबीने बोललीस, त्याच धुराबद्दल तिच्याशीही तेवढ्याच आदबीने बोल.

आवाजाचं गणित वेगळं. हवेतून येणारा आवाज, म्हणजे टीव्ही, गाणी, भांडणं, खिडकीच्या फटी बुजवल्या की कमी होतो. जाड पडद्यांनी फारसं काही होत नाही. पण खुर्ची सरकवणं, खलबत्ता, ओट्यावरचा मिक्सर, मुलांच्या उड्या हा आवाज स्लॅब आणि कॉलममधून उतरतो. तो तुझ्या बाजूने थांबत नाही, जिथे सुरू होतो तिथेच थांबवावा लागतो. शिवाय काँक्रीटमधून तो लांबवर जातो, त्यामुळे डोक्यावर वाटणारी धडधड कधी शेजारच्या घरातली, कधी दोन मजले वरची असते, तर कधी पाण्याचा पंपच असतो. म्हणून आरोप करण्याआधी दोन-तीन रात्री वेळा टिपून ठेव. मग जाताना हार्डवेअरच्या दुकानातून फेल्टच्या चिकटवायच्या टिकल्या घेऊन जा. स्वस्त मिळतात. आपल्याच खुर्च्यांना आधी लाव, उरलेल्या वरच्या वहिनींना दे: ‘आमच्या खालच्यांसाठी आणल्या होत्या, तुमच्यासाठीही घेतल्या.’ मिक्सरखाली जाड रबराचा तुकडा आणि मुलं खेळतात तिथे जाड सतरंजी, एवढ्याने बराच फरक पडतो.

आणि काय सोसायचं तेही ठरव. रांगतं-धावतं मूल, सकाळचा कुकर, गणपतीतली आरती, आजारी आजोबांचा रात्रीचा खोकला, हा शेजार आहे. त्याबद्दल तोंड उघडायचं नाही. तुझं बाळही रात्री दोनला रडतंच की.

बोलून भागलं नाही तर कायद्याचं बळ कुठे आहे आणि कुठे नाही, हे माहीत हवं. धुराच्या बाबतीत ते तोकडं आहे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे, 2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांनी ती आणखी कडक झाली आणि 200 रुपयांपर्यंत दंड होतो. पण माणसाचं स्वतःचं घर त्यात येत नाही. आवाजाच्या बाबतीत मात्र तुझी बाजू भक्कम आहे. 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. घरातली म्युझिक सिस्टिमही या नियमांच्या बाहेर नाही. रात्री अकरा वाजता स्पीकर दणाणत असेल आणि सांगूनही ऐकत नसतील, तर 112 ला फोन करायला कचरू नकोस. खुर्च्यांच्या खरखरीसाठी मात्र पोलिसांना बोलवू नकोस, त्यांना ते हसण्यावारी नेता येतं.

मधला रस्ता सोसायटीचा. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत लिहिलेलंच आहे की सभासदाने आपल्या गाळ्यात इतरांना उपद्रव होईल असं काही करू नये, आणि समिती त्याची दखल घेऊ शकते. सेक्रेटरींना लेखी अर्ज दे, तारखा आणि वेळा लिहून, विशेषणं गाळून. दुसऱ्या प्रतीवर पोच घे. शेजारी भाडेकरू असेल तर घरमालकालाही पत्र जाऊ दे. आणि वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायची असते, तिथे विषय मांड: जिना, लिफ्ट, लॉबी धूरमुक्त, आणि ओढणाऱ्यांसाठी आवारात खिडक्यांपासून लांब एक कोपरा, राखेच्या डब्यासकट. हा दुसरा भाग विसरू नकोस. नुसती बंदी घातली की माणसं पुन्हा डक्टशी जाऊन उभी राहतात.

एवढं सगळं करूनही कधीकधी काही हलत नाही. मग बाळाची खोली बदल. भाड्याचं घर असेल तर करार संपताना दुसरं बघ, आणि त्यात हार मानल्यासारखं काही वाटून घेऊ नकोस. फक्त नवीन घर बघायला संध्याकाळी जा, सगळे घरी असतात तेव्हा. बिल्डरच्या टाइल्स नंतर बघ. आधी बाथरूमची खिडकी उघड, नाक लाव, आणि दोन मिनिटं गप्प उभी राहून वरचं ऐक.