पुण्याचा मिळकतकर : बिल भरण्याआधी काय तपासाल?

शेजारचा फ्लॅट सव्वा कोटीला गेला म्हणून आपला मिळकतकर वाढेल, ही धास्ती पुण्यात तरी अनाठायी आहे. बँकेचा व्हॅल्युअर काढतो तो आकडा कर्जासाठी, रेडी रेकनरचा मुद्रांक शुल्कासाठी. महापालिका तिसराच आकडा धरते : हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येतील? हेच वार्षिक करपात्र मूल्य. (मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी होते. तिथल्या मामेभावाच्या बिलाशी आपलं बिल ताडून उपयोग नाही.)

समजा, घर ८०० चौरस फुटांचं आणि दर महिना चौरस फुटाला दीड रुपया. हा दर फक्त उदाहरणापुरता. खरा दर भागानुसार बदलतो आणि बाजारातल्या भाड्यापेक्षा कितीतरी कमी असतो. महिन्याला १,२०० म्हणजे वर्षाला १४,४०० रुपये. घरमालक स्वतः राहत असेल तर यातून ४० टक्के वजा, उरले ८,६४०. दुरुस्ती-देखभालीचे १० टक्के काढले की ७,७७६. घर भाड्याने दिलं असेल, तर ४० टक्क्यांवर पाणी सोडायचं : करपात्र मूल्य १२,९६०. घर तेच, आकडा दोनतृतीयांशाने जास्त. यावर सर्वसाधारण कर, सफाईपट्टी वगैरे लागतात. शिक्षणकर राज्य सरकारचा, पालिका तो फक्त गोळा करते.

म्हणून बिल आलं की आधी एकूण रकमेकडे नको, क्षेत्रफळ आणि वापर या नोंदींकडे बघा. करारनामा शेजारी ठेवूनच. स्वतः राहूनही ४० टक्क्यांची सवलत दिसत नसेल, तर पीटी-३ अर्ज भरा. सोसायटीचं पत्र आणि रहिवासाचा पुरावा जोडा. अर्ज स्वतः देता येतो, त्यासाठी एजंट कशाला? आकारणीची विशेष नोटीस आली, तर तिच्यावर छापलेल्या मुदतीतच लेखी हरकत घ्या आणि पोच मागा. तोंडी तक्रारीला काडीची किंमत नाही.

वेळेत भरणाऱ्याला सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट मिळते. थकवलंत तर दरमहा २ टक्के शास्ती. २०,००० रुपयांवर महिन्याला ४००. एवढं व्याज गृहकर्जालाही नसतं.

जुना फ्लॅट घेणाऱ्यांनी तर फारच जपावं. मिळकतकराची थकबाकी त्या मिळकतीवरच बोजा म्हणून राहते, विकणाऱ्याबरोबर जात नाही. खरेदीखतावर सही करण्याआधी चालू वर्षापर्यंतची पावती हातात घ्या.